पिकअप घ्यायचीय? आधी उभ्या दिवसाचा हिशेब करा

शोरूममध्ये पाय ठेवला की सेल्समनचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डाउन पेमेंट किती भरणार? गावात पारावर विचारलं तर उत्तर त्याहून सोपं मिळतं: ‘बोलेरो घे, डोळे झाकून.’ यातलं कुणीच विचारत नाही की गाडीत भरणार काय, नेणार कुठे आणि महिन्यातले किती दिवस ती चालणार. मालवाहू गाडी तारते की बुडवते ते या तीन गोष्टींवर ठरतं. गाडीची किंमत त्यानंतर.

एक हिशेब मांडून बघू. समजा, ८ लाखांचं कर्ज काढून पिकअप घेतली. ५ वर्षांच्या मुदतीत हप्ता साधारण १८,००० रुपये बसतो. विमा वर्षाला ३६,००० धरला तर महिन्याला ३,०००. ड्रायव्हर ठेवला तर त्याचे १५,०००. हे ३६,००० रुपये गाडी चालो न चालो, जाणारच. आता गाडी महिन्यात २५ दिवस, रोज ८० किलोमीटर चालली, म्हणजे २,००० किलोमीटर झाले. भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १३ आणि डिझेल ९० रुपये धरलं तर तेलाचे जवळपास १३,८५०. टायर, ऑइल, ब्रेक आणि किरकोळ कामांसाठी ३,५०० बाजूला काढा. एकूण झाले ५३,३५०. म्हणजे किलोमीटरला २६ रुपये ७० पैसे, किंवा चालत्या दिवसाला २,१३४ रुपये. भाडं याच्या वर जेवढं मिळेल तेवढीच तुमची कमाई. आकडे तुमच्या भागातले घाला, रीत हीच ठेवा.

याच हिशेबातला दुसरा आकडा कुणी काढत नाही. न चुकणाऱ्या ३६,००० ला २५ दिवसांनी भागा: १,४४० रुपये. गाडी एक दिवस गॅरेजच्या दारात उभी राहिली की एवढे पैसे काही काम न होता गेले. बुडालेलं भाडं वेगळं, आणि रोजच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याची गाडी सापडली तर ते नुकसान मोजताच येत नाही. माझ्या मते भरवशाची गाडी म्हणजे वर्षात कमीत कमी दिवस उभी राहणारी गाडी. बाकी इंजिनची ताकद, टचस्क्रीन, पॉवर विंडो हे सगळं त्याच्या मागे.

हा हिशेब काही जणांना सरळ सांगून टाकतो की गाडी घेऊच नका. दोन-अडीच एकर टोमॅटो आहे, तोडणी तीन महिने चालते, महिन्याला दहा खेपा होतात आणि खेपेला २,५०० रुपये भाडं जातं, असं धरा. वर्षाचे ७५,००० झाले. स्वतःची गाडी स्वतः चालवली, ड्रायव्हरचा पगार वाचवला, तरी हप्ता आणि विमा मिळून वर्षाला २,५२,००० लागतात. उरलेले नऊ महिने बाहेरची भाडी मारायची तयारी आणि ओळखी असतील तरच या गाडीला अर्थ आहे. ‘दारात गाडी असली की कामं मिळतात’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. काम आधी तोंडी का होईना ठरवून ठेवावं आणि मग गाडी दारात आणावी.

आधी माल मोजा

माल दोन जातींचा असतो. कांदा, सिमेंट, विटा, पाणी, ऊस हा वजनाचा माल; गाडी अर्धी भरली की पासिंग संपतं. पालेभाजी, फुलं, रिकामे क्रेट, फर्निचर, थर्माकोल हा जागेचा माल. हौदा शिगोशीग भरतो, पण काटा हलत नाही. वजनाच्या मालाला मजबूत पाटे आणि जास्त पासिंग हवं, जागेच्या मालाला लांब हौदा. दोन्हींची एकच गाडी घ्यायला गेलात की पैसे जास्त जातात.

टोमॅटोचं उदाहरण घ्या, कारण नारायणगाव-पिंपळगावच्या बाजारात त्याचं माप ठरलेलं आहे: २० किलोचा क्रेट. क्रेटसकट २२ किलो धरा. ७५० किलो पासिंगच्या छोट्या गाडीत ३४ क्रेट बसतात, १,३०० किलोच्या गाडीत ५९, १,७०० किलोच्या गाडीत ७७. आता हौदा बघा. टाटा एस गोल्डचा हौदा २,२०० बाय १,४९० मिलिमीटरचा आहे. नेहमीच्या मापाचे क्रेट एका थरात १६ बसतात, म्हणजे दोन थरांतच पासिंग संपलं. इंट्रा व्ही ३० चा हौदा २,६९० बाय १,६२० चा; एका थरात २१ आणि तीन थरांत ६३, म्हणजे तिसरा थर पुरता भरायच्या आतच वजन पूर्ण होतं. बाजारात मात्र पाच-पाच थर रचून दोरखंड आवळलेल्या गाड्या रोज दिसतात. त्या ‘बसतात’ म्हणून भरल्या जातात. पाटे, टायर आणि ब्रेक त्याची किंमत हळूहळू वसूल करतात.

पाण्याच्या बाबतीत तर फसगत ठरलेलीच. १,००० लिटर पाणी म्हणजे बरोबर एक टन. दीड टनाच्या पिकअपवर २,००० लिटरची टाकी चढवून उन्हाळ्यात टँकर चालवणारे पुष्कळ आहेत. टाकीचं स्वतःचं वजन सोडूनच ती गाडी अर्धा टन ओव्हरलोड असते, शिवाय अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धाव घेतं. सिमेंटची गोणी ५० किलोची, तेव्हा १,३०० किलोत २६ गोण्या. वीट साधारण ३ किलोची. ५०० विटा म्हणजे दीड टन.

पासिंगचा खरा आकडा जाहिरातीत शोधू नका, आरसी बुकात शोधा. तिथे गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातली वजाबाकी म्हणजे तुमची मर्यादा, आणि तुम्ही पुढे गाडीवर जे चढवाल ते याच मर्यादेतून जातं. लोखंडी पिंजरा, वाढवलेले फाळके, ताडपत्रीचा सांगाडा यांचं वजन शंभर-दीडशे किलो सहज होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००; जादा माल तिथेच उतरवावा लागतो तो त्रास निराळा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा वजनाची पावती मागते.

रोजचा माल ज्या आकड्यात बसतो त्याच्यावर वीसेक टक्के मोकळीक ठेवून गाडी निवडा. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या मोठ्या खेपेसाठी मोठी गाडी घेऊ नका. त्या चार दिवसांना आयशर भाड्याने आणा.

बाजारात काय आहे

२००५ साली टाटा एस आली आणि महाराष्ट्राने तिला छोटा हत्ती करून टाकलं. तीनचाकी टेम्पोच्या किमतीच्या आसपास चारचाकी देणारी ती पहिली गाडी. दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन आणि ७५० किलो माल. गल्लीबोळ, किराणा दुकानं, गॅस सिलिंडर, पाण्याचे जार यांसाठी हा वर्ग अजूनही बरोबर आहे. त्यातच मारुतीची सुपर कॅरी येते, पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणारी. महिंद्राची जीतो येते. आणि जून २०२५ मध्ये ३ लाख ९९ हजारांपासून सुरू झालेली एस प्रो. रोजचा पल्ला ५०-६० किलोमीटरच्या आत आणि रस्ता डांबरी असेल तर याहून मोठी गाडी घेण्याचं कारण नाही. रस्ता मात्र खरंच डांबरी हवा. या गाड्यांची चाकं लहान असतात, आणि पावसाळ्यात शेतातून बांधापर्यंत यायचं तर लहान चाक चिखलात बसतं.

त्याच्या वर सव्वा ते दोन टनांचा वर्ग. ग्रामीण महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटलं की हाच डोळ्यांपुढे येतो. महिंद्राची बोलेरो पिकअप १.३ टनापासून, बोलेरो मॅक्स मालिकेतल्या मोठ्या गाड्या २ टनांपर्यंत. अशोक लेलँडची दोस्त २०११ पासून आहे, सव्वा ते दीड टनाची. तिची मोठी बहीण बडा दोस्त. टाटाची इंट्रा २०१९ ची, व्ही ३० मध्ये १,३०० आणि व्ही ५० मध्ये १,५०० किलो. शिवाय टाटा योद्धा २ टनांपर्यंत. बोलेरो आणि योद्धा यांना पुढे बोनेट आहे. इंजिनचं काम उभ्या उभ्या होतं आणि समोरून धडक बसली तर ड्रायव्हरच्या पायांपुढे थोडा लोखंडाचा आधार असतो. दोस्त, इंट्रा यांची केबिन पुढे सरकलेली. तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि बाजार समितीच्या गर्दीत गाडी चटकन वळते. खडबडीत रस्ता आणि घाट असेल तर मी बोनेटची गाडी घ्यायला सांगेन, शहरातल्या फेऱ्यांना केबिन पुढे असलेली.

इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स यांनाही पिकअपच म्हणतात. त्या वीस-तीस लाखांच्या हौसेच्या गाड्या आहेत. हौस असेल तर जरूर घ्या; भाड्याच्या हिशेबात त्यांना ओढू नका.

भरवशाबद्दल माझं मत असं की या वर्गातली कुठलीही गाडी मुळात वाईट नाही. फरक पडतो तो तुमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत तिचं काम येणारा मिस्त्री आहे की नाही याने. गाडी पसंत करायच्या आधी तालुक्याच्या ठिकाणच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि तीन गोष्टींची चौकशी करा: क्लच प्लेट, पुढचं व्हील बेअरिंग, मागच्या पाट्याचं मुख्य पान. दुकानदार फळीवरून काढून दाखवत असेल तर ती गाडी तुमच्या भागात चालते. ‘दोन दिवसांत मागवून देतो’ म्हणाला तर तुमचे उभे दिवस किती होणार ते त्यानेच सांगितलं. डोळे झाकून बोलेरो घ्यायचा पारावरचा सल्ला पुष्कळदा बरोबर ठरतो तो याच कारणाने: ती गाडी प्रत्येक फाट्यावरच्या गॅरेजवाल्याच्या हाताखालून गेलेली असते. पण तुमच्या तालुक्यात दोस्तच्या गाड्या जास्त असतील तर तिथे दोस्तच जास्त भरवशाची.

नव्या डिझेल गाड्यांत एक गोष्ट बदलली आहे आणि ती जुन्या ड्रायव्हरांच्या सल्ल्यात येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. धुरातली काजळी अडवायला बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी आली, काहींना डीईएफ हे युरियाचं द्रावण वेगळं भरावं लागतं. जाळीत साठलेली काजळी जळून जायला इंजिन काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात आणि गरम चालावं लागतं. रोज सकाळी चार किलोमीटरच्या परिघात दूध गोळा करणारी, दर दोनशे मीटरला थांबणारी गाडी कधी तशी चालतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि वारी सर्व्हिस सेंटरला. अशा कामाला डिझेलचा हट्ट सोडा. आणि आपल्या गॅरेजवाल्याकडे स्कॅनर आहे का तेही विचारून घ्या. हातोडी-पान्यावर ओळखता येणारे दोष आता निम्मेच राहिलेत.

सीएनजी स्वस्त पडतो, पण पुणे, नाशिक, मुंबईच्या पट्ट्यात. आणि तिथेही पंपावरच्या रांगेत गेलेला तास हिशेबात धरा. टाकीचं वजन मालाच्या वजनातून जातं: सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो घेते, सीएनजीवर ६२५. टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, आणि जुनी सीएनजी गाडी घेताना त्या टेस्टची तारीख आधी बघायची. घाटातल्या चढाला भरलेली सीएनजी गाडी दमते हे कसारा किंवा बोरघाट रोज चढणाऱ्या कुणालाही विचारा. इलेक्ट्रिकचं गणित आणखी सरळ आहे. एस ईव्ही २०२२ मध्ये ६०० किलोची आली, २०२४ मध्ये एक टनाची. प्रमाणित पल्ला अनुक्रमे १५४ आणि १६१ किलोमीटर, भरल्या गाडीला त्याहून कमी मिळतो. रात्री एकाच जागी उभी राहणारी, ठरलेल्या मार्गावर शंभरच्या आत फिरणारी कुरिअरची किंवा दुकानाची गाडी असेल तर घ्या. शेतमालाला, जिथे आज नारायणगाव आणि उद्या वाशी, अजून नको.

कर्जाची भाषा

शोरूममध्ये ‘फक्त ७ टक्के’ म्हणतात तेव्हा तो बहुतेक वेळा फ्लॅट दर असतो. ८ लाखांवर दरसाल ७ टक्के फ्लॅट म्हणजे ५ वर्षांचं व्याज २ लाख ८० हजार, एकूण १० लाख ८० हजार, भागिले ६०: हप्ता १८,०००. यात तुम्ही फेडत आलेल्या मुद्दलावरही व्याज भरत राहता. बँक ज्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने सांगते त्या पद्धतीत हाच हप्ता सुमारे साडेबारा टक्क्यांचा होतो. तेव्हा फायनान्सवाल्याचा ७ आणि सहकारी किंवा सरकारी बँकेचा ११ यांत स्वस्त कोण, ते कागदावर एकूण परतफेड लिहून घेतल्याशिवाय कळत नाही. प्रोसेसिंग फी, कर्जासोबत चिकटवलेला जीवन विमा आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा दंड हे तीन आकडेही त्याच कागदावर लिहून घ्या.

मुद्रा कर्जात लहान मालवाहू गाडी बसते. मराठा समाजातल्या तरुणांना अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिच्या पाट्या लावलेल्या पिकअप राज्यभर दिसतात. मात्र तिथे क्रम महत्त्वाचा: आधी महामंडळाचं पात्रता पत्र, मग बँक, मग गाडी. आणि परतावा नंतर येतो. हप्ता आधी स्वतःच्या खिशातून, वेळेवर भरावा लागतो. पहिले तीन हप्ते हातात नसतील तर गाडी घेण्याचं सहा महिने पुढे ढकला. हे कुठलाही डीलर सांगणार नाही.

किमतीच्या बाजूने एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल आणि तुम्ही कर लावून विक्री करत असाल तर मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. प्रवासी मोटारीवर ती सहसा मिळत नाही. सीएला गाडी घ्यायच्या आधी भेटा, कारण बिल व्यवसायाच्या नावाने असावं लागतं.

जुनी गाडी

तीन-चार वर्षं चाललेली जुनी पिकअप निम्म्या किमतीत मिळते आणि हप्ता सात-आठ हजारांनी हलका होतो. पण महिन्यात चार दिवस जास्त उभी राहिली तर ती बचत गॅरेजमध्ये परत जाते. स्वतः गाडीवर बसणाऱ्याला आणि थोडंफार काम हाताने येणाऱ्याला जुनी गाडी परवडते. पगारी ड्रायव्हरच्या हातात देणाऱ्याने नवीच घ्यावी.

जुनी गाडी बघायला सकाळी लवकर, मालकाला ती सुरू करू नका असं सांगून जा. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवली आहे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात लागलं पाहिजे. सुरुवातीला जरा पांढुरका धूर चालतो. निळसर धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल पितंय, आणि रेस दिल्यावर काळा लोट येत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोचा खर्च धरा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. खालून फसफसून वारा येत असेल तर इंजिन बांधायला आलं आहे.

मग गाडीखाली जा. खरी गोष्ट तिथे कळते. मागचे पाटे मोजा. कंपनीने दिलेल्या पानांपेक्षा जास्त पानं असतील तर गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चालली आहे, मालक काहीही सांगो. पाटे जिथे चेसिसला अडकतात त्या ब्रॅकेटच्या आसपास तडे आहेत का, वेल्डिंग आहे का, नुकताच काळा रंग फासला आहे का ते टॉर्चने बघा. चेसिसवर वेल्डिंग दिसलं तर तिथून उठा. किंमत कितीही उतरली तरी. क्राऊनच्या डब्यातून ऑइल झिरपतंय का, प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवल्यावर खडखडतोय का, पुढची टायरं एका कडेने झिजलीत का. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड यांची झीज काट्याशी जुळते का ते बघा.

गाडीने आजवर काय वाहिलं ते विचारा आणि उत्तर आलं तरी हौदा स्वतः पाहा. मासळीचं पाणी हे पत्र्याचं विष आहे. मिठाचं पाणी फटींतून झिरपून चेसिसला आतून गंज धरतो आणि वरून रंग चकचकीत असतो. मुंबईच्या ससून डॉककडून, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याकडून किंवा गोव्याच्या मासळी बाजारातून आलेली गाडी हौद्याचा पत्रा खालून टोचून बघितल्याशिवाय घेऊ नका. रासायनिक खतांच्या गाडीचंही तसंच. किनाऱ्यापासून लांबची, भाजीपाल्याची किंवा बेकरीची गाडी दहा-वीस हजार जास्त देऊन घेतलेली बरी.

गाडी रिकामी चालवून बघितली तर काही कळत नाही. मालकाच्या परवानगीने पासिंगइतका माल किंवा वाळूची पोती भरा आणि चढ असलेल्या रस्त्यावर न्या. दुसऱ्या गिअरवर चढ घेताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच संपला. उतारावर गिअर आपोआप बाहेर उडत असेल तर गिअरबॉक्स. ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढत असेल तर ते दुरुस्त होतं, तेवढे पैसे किमतीतून कापा.

फायनान्स कंपनीने ओढून आणलेल्या गाड्यांचे लिलाव हा स्वस्ताईचा आणखी एक मार्ग. तिथे गाडी चालवून बघायला मिळत नाही आणि हप्ते थकलेल्या मालकाने शेवटचं वर्षभर तिच्यावर रुपया खर्च केलेला नसतो. मिस्त्री सोबत असल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

कागद

माल वाहण्यासाठीच बांधलेली गाडी पिवळ्या पाटीची, घरचाच माल वाहिला तरी. शेतकऱ्याला पांढरी पाटी करून देतो म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही; दोन टन माल घेणाऱ्या गाड्या या रेषेच्या पलीकडे जातात, त्यामुळे मोठं मॉडेल घेताना हा फरक विचारून घ्या. ड्रायव्हिंग लायसनची धास्ती मात्र संपली आहे: ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. फिटनेस नव्या गाडीला पहिली २ वर्षं, मग आठ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. जुन्या गाडीचा भाव करताना ती या आठ वर्षांच्या कोणत्या बाजूला आहे ते लक्षात घ्या. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता भाड्याच्या गाडीला वर्षाला सोळा हजारांच्या आसपास, कर वेगळा, आणि गाडी जुनी झाली म्हणून तो कमी होत नाही. हौद्यात माणसं बसवली तर त्यांना विम्याचं संरक्षण नसतं. वऱ्हाड असो की मजूर.

जुन्या गाडीचे पैसे देण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचं नाव, बोजा, फिटनेस, कर आणि विम्याच्या तारखा बघा. ई-चलान किती थकलीत तेही. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. विकणाऱ्यानेही तितकीच घाई करावी, कारण कागदावर नाव त्याचं असेपर्यंत अपघाताच्या दाव्यात नोटीस त्याच्याच दारात येते.